अर्ध्या दिवसाची सहल : दौलताबाद-खुलताबाद मार्गावरचा एक धंदा

मागील हिवाळ्यात आम्ही एका सहलीच्या गाडीत प्रवासी म्हणून बसलो. धंद्याची माहिती घ्यायची तर गिऱ्हाईक बनूनच घ्यावी, असा आमचा विचार होता. औरंगाबाद शहरातून (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) सकाळी निघालेल्या त्या गाडीत आम्ही धरून सात माणसे होती. दौलताबादच्या किल्ल्यावर आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली. खुलताबादला वीस मिनिटे मिळाली. परत येताना मात्र एका दुकानात गाडी सव्वा तास उभी होती. तेथे "अस्सल हातमागाचा हिमरू" म्हणून यंत्रमागाची शाल दाखवली जात होती. पुण्याच्या एका वृद्ध जोडप्याने अशा दोन शाली घेतल्या. त्यांनी पैसे मोजले आणि दुकानाच्या कोपऱ्यात गाडीवाल्याच्या वहीवर आकडा लिहिला गेला.

त्या दिवशी कोणाचे काय गेले? जोडप्याचे पैसे गेले हे तर उघड आहे. पण त्याहून मोठे नुकसान ज्याचे झाले, तो विणकर त्या दुकानात नव्हताच. या लेखात आम्ही अर्ध्या दिवसाच्या सहलीचा धंदा कसा करावा ते सांगणार आहोत. हा धंदा सरळ मार्गाने केला तर गाडीवाला, वाटाड्या आणि कारागीर या तिघांची रोजी त्यातून कशी निघते, तेही पाहणार आहोत.

अर्धाच दिवस का?

या शहरात येणारा पाहुणा बहुधा अजिंठा आणि वेरूळ मनात धरून येतो. अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहे, त्याला पूर्ण दिवस लागतो. वेरूळ तीस किलोमीटरवर आहे. पण तेथे 34 लेणी आहेत : 12 बौद्ध, 17 हिंदू आणि 5 जैन. 1983 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ज्याला ते नीट पाहायचे त्याने वेगळा दिवस काढावा. वेरूळ, किल्ला, खुलताबाद, मकबरा आणि पाणचक्की हे सगळे एका दिवसात कोंबण्याची जुनी रीत आहे. त्यात पाहुणा दमतो, आणि संध्याकाळी कोठे काय पाहिले ते त्याला आठवत नाही.

अर्ध्या दिवसाची सहल ज्यांना लागते, ते गिऱ्हाईक निराळे असते. कोणी कचेरीच्या कामाने आलेला असतो आणि त्याची गाडी रात्रीची असते. कोणी लग्नाला आलेला असतो. कोणाबरोबर म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतात. आणखी एक गिऱ्हाईक आपल्या लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. मंगळवारी शहरात उतरलेला पाहुणा हॉटेलात विचारत बसतो, आज काय पाहायचे? त्याला उत्तर देणारा माणूस सकाळी आठ वाजता हजर असला पाहिजे.

मार्ग आणि वेळापत्रक

आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग पुढीलप्रमाणे आहे : शहर, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद किल्ला, घाट चढून कागजीपुरा, मग खुलताबाद आणि परत. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आत काम होते.

सकाळी साडेआठला निघावे. नऊच्या सुमारास किल्ल्याच्या दारात पोहोचावे आणि तेथे दोन तास द्यावेत. साडेअकराला कागजीपुऱ्यात अर्धा तास थांबावे. सव्वाबाराला खुलताबाद गाठून तेथे पाऊण तास द्यावा. पावणेदोनच्या आत पाहुण्याला त्याच्या मुक्कामी सोडावे. एप्रिल-मेमध्ये ऊन लवकर तापते, म्हणून दार उघडण्याची वेळ पाहून तेव्हाच तेथे असावे. शुक्रवारी जुम्याची नमाज वाटेत येते. त्या दिवशी खुलताबाद आधी आणि किल्ला नंतर असा क्रम ठेवल्यास कोणाचीच अडचण होत नाही.

काही दिवस सांभाळावे लागतात. रबिउल अव्वल महिन्यात खुलताबादला उरूस भरतो. हनुमान जयंतीला आणि श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीला मोठी गर्दी असते. महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराची वाट भरून जाते. घाटातील जुन्या दरवाजाखालून गाडी एकेरीच निघते, तेथे तास-तास खोळंबा होतो. अशा दिवशी पाहुण्याला आधीच स्पष्ट सांगावे. ज्याला आधी सांगितले तो समजून घेतो, आणि ज्याला घाटात अडकल्यावर कळते तो भांडतो.

खुलताबादला निघण्यापूर्वी फोन करून खात्री करण्याचीही सवय लावावी. मे 2022 मध्ये पुरातत्त्व खात्याने औरंगजेबाची कबर काही दिवस बंद ठेवली होती. मार्च 2025 मध्ये तिच्यावरून राज्यात वातावरण तापले आणि तेथील बंदोबस्त वाढवावा लागला. अशा वेळी हट्ट करू नये. किल्ल्याला जास्त वेळ द्यावा, किंवा शहरातील पाणचक्की जोडून घ्यावी, आणि हा बदल पाहुण्याला पैसे घेण्यापूर्वीच सांगावा.

काय सांगावे आणि कसे सांगावे

वाटाड्याचा माल म्हणजे त्याचे शब्द. या मालाचे दोन खण करावेत. एका खणात इतिहासाने ठरलेली गोष्ट ठेवावी आणि दुसऱ्यात लोक सांगतात ती. दोन्ही सांगाव्यात, पण कोणती कोणत्या खणातली हे पाहुण्याला कळू द्यावे.

दौलताबादबद्दल ठरलेल्या गोष्टीच इतक्या आहेत की बनावट गोष्टींची गरज पडत नाही. हे यादवांचे देवगिरी. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी येथे चालून आला. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे आणली आणि नाव दौलताबाद ठेवले. पुढे बहमनी सुलतानांचे राज्य आले, त्यांच्या काळात चांद मिनार उभा राहिला. निजामशाहीच्या हातून 1633 मध्ये किल्ला मुघलांकडे गेला. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तेथील शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला येथील चिनी महालात कैद ठेवले. निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे त्या महालाला ते नाव पडले. त्या फरशांचे तुकडे आजही भिंतीवर दिसतात. तेथे पाहुण्याला दोन मिनिटे थांबू द्यावे.

किल्ला कसा लढत होता ते दाखवावे, हे मुलांना फार आवडते. डोंगराच्या कडा तासून सरळ केलेल्या आहेत, भोवती खडकात खोदलेला खंदक आहे आणि आत जायला एकच वाट आहे. पुढे अंधारी नावाचा बोगदा लागतो. आत शिरलेल्या शत्रूला तेथे डोळे असून दिसत नसे. किल्ल्यात मेंढ्याच्या तोंडाची तोफही आहे. माथ्यापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिनी महालापर्यंतच न्यावे आणि तसे आधी सांगावे. त्याच्यासाठी खाली सावलीत बसण्याची जागा आणि पाणी पाहून ठेवावे.

आपल्या व्यापारी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फिरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. अलाउद्दीनची फौज आली तेव्हा कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती गावात पडलेली होती. ती धान्याची समजून घाईघाईने किल्ल्यात चढवली गेली. वेढा पडला, अन्न संपत आले, पोती उघडली, तर आत मीठ. मग राजा रामचंद्राला तह करावा लागला. इतका बळकट किल्ला, पण पोते उघडून पाहिले नव्हते. ही गोष्ट पाहुण्याला सांगावी आणि स्वतःही लक्षात ठेवावी.

घाट चढला की कागजीपुरा येतो. गावाच्या नावातच कागद आहे. तुघलकाबरोबर उत्तरेतून कागद बनवणारे कारागीर आले आणि येथे वसले, अशी परंपरा सांगतात. हे दुसऱ्या खणातले समजावे. हातकागदाचे काम मात्र डोळ्यांनी पाहता येते. चिंध्या आणि सुती कतरणीचा लगदा करतात. तो हौदातील पाण्यात कालवून चौकटीच्या चाळणीवर उचलतात. पाणी निथळले की ताव कापडावर काढतात, दाबतात, वाळवतात आणि घोटून गुळगुळीत करतात. शाळेच्या वहीपलीकडे कागद न पाहिलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने एक ताव उचलू दिला, तर तो घरी जाऊन किल्ल्याआधी त्याचीच गोष्ट सांगेल.

खुलताबाद हे सूफी बुजुर्गांचे गाव आहे. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि हजरत जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे येथे समोरासमोर आहेत. 1707 मध्ये अहमदनगरला वारलेल्या औरंगजेबाला जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे. कबर उघड्या आभाळाखाली आहे. भोवतालची संगमरवरी जाळी बऱ्याच नंतरच्या काळातली, निजामाने बसवलेली आहे. टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत आपले कफन करावे, असे बादशहाने लिहून ठेवल्याचे सांगतात. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याची कबरही येथेच आहे. 1610 मध्ये खडकी हे गाव वसवून या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर 1626 मध्ये वारला, त्याची घुमटाची कबर गावाच्या बाजूला आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस दख्खनचा वजीर होतो आणि शहर वसवतो. ही गोष्ट ऐकून पाहुणा हमखास थांबतो, पण बहुतेक गाड्या तेथे जातच नाहीत.

येथे जिभेवर लगाम हवा. पाहुणे सर्व धर्मांचे आणि सर्व मतांचे असतात. कोणी वाद उकरून काढला, तर काय घडले तेवढे सनासह सांगावे आणि पुढे चालावे. वाटाड्याने कोणाची वकिली करू नये आणि कोणाला टोमणाही मारू नये. दर्ग्यात पादत्राणे, डोके झाकणे, स्त्रियांनी कोठपर्यंत जावे याचे नियम वेगवेगळे असतात, ते खादिमांना विचारून गाडीतच सांगावेत. नजराणा देणे ज्याच्या त्याच्या खुशीवर आहे, हेही तेथेच सांगून टाकावे.

कायद्याची बाजू

आमच्याकडे पत्रे येतात, त्यांत या बाबतीत फार गैरसमज दिसतो. तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, केंद्राच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन पाहुण्याला फिरवणे, माल विकणे किंवा मालासाठी गिऱ्हाईक बोलावणे या गोष्टी परवान्याशिवाय करता येत नाहीत. 1959 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. म्हणून एक तर स्वतः परवाना मिळवावा किंवा परवानाधारक गाइडला त्याची ठरलेली फी देऊन बरोबर घ्यावे. केंद्राच्या पर्यटन खात्याने पर्यटन-सहायकांसाठी घरबसल्या शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू केलेला आहे. शिकलेल्या तरुणांनी त्याची चौकशी जरूर करावी.

दुसरी, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाड्याने माणसे नेऊ नयेत. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस आणि प्रवाशांसह विमा हे सर्व हवे. खासगी गाडीला भाडे मारताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मग एका सहलीच्या नफ्यासाठी घर विकण्याची पाळी येते.

तिसरी, तिकिटे. 2018 मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे भारतीय पाहुण्याला दौलताबादला 25 रुपये आणि वेरूळला 40 रुपये पडतात. परदेशी पाहुण्याला अनुक्रमे 300 आणि 600 रुपये लागतात. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. दर बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी पाहावेत आणि तिकिटाची प्रत पाहुण्याच्या हाती द्यावी.

हिशेब कसा मांडावा

पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत, आपल्या गावचे आणि आपल्या वेळचे आकडे वाचकांनी घालावेत. समजा सात आसनी गाडी आहे आणि माणशी 800 रुपये घेतले. गाडी, इंधन आणि ड्रायव्हर मिळून 1,800 रुपये झाले. गाइडची फी 1,000, पार्किंग आणि पाणी 200, कागजीपुऱ्यात काम दाखवणाऱ्या कारागिराला 300, फोन आणि किरकोळ 150 रुपये. हा ठाम खर्च 3,450 रुपये झाला. त्यावर किल्ल्याचे तिकीट माणशी 25 रुपये.

सहा पाहुणे आले तर जमा 4,800, खर्च 3,600, शिल्लक 1,200. पाच आले तर जमा 4,000, खर्च 3,575, शिल्लक 425. चार आले तर जमा 3,200, खर्च 3,550, म्हणजे 350 रुपये घरातून गेले. चार पाहुण्यांना नेताना ही तूट दिसते आणि ती दुकानाच्या कमिशनातून भरून काढण्याचा मोह होतो. अप्रामाणिकपणा येथूनच सुरू होतो. त्यापेक्षा "किमान पाच पाहुणे" ही अट आधीच छापावी, किंवा चौघांना पूर्ण गाडीचा दर सांगून विचारावे. दोन-तीन हॉटेलवाल्यांशी आणि दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलून अर्धे-अर्धे पाहुणे एका गाडीत आणता येतात.

कमिशनाने कारागीर कसा मरतो

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. समजा दुकानातील शालीची किंमत 2,500 रुपये आहे. गाडीवाल्याला 500, गाइडला 500. दुकानदाराच्या हाती 1,500 उरले. त्यातून जागेचे भाडे, नोकर आणि स्वतःचा नफा काढायचा आहे. आता हातमागावर कित्येक दिवस बसलेल्या विणकराला तो काय देणार? म्हणून तो पाचशे-सहाशे रुपयांची यंत्रमागाची शाल आणतो आणि नाव हिमरूचे लावतो. पाहुण्याला वाटते हिमरू असाच असतो. ज्याने खरा हिमरू विणला त्याचा माल महाग म्हणून पडून राहतो, आणि त्याचा मुलगा रिक्षा चालवायला जातो. येथे कोणी एक माणूस दुष्ट आहे असे नाही. हिशेबाची मांडणीच अशी आहे की खऱ्या मालाला तीत जागा उरत नाही.

उपाय असा. सहलीत दुकान ठेवायचे असेल तर ते शेवटी ठेवावे, वीस मिनिटांचे ठेवावे आणि ज्याला यायचे त्यानेच यावे असे ठेवावे. दुकानापेक्षा माग दाखवावा. माग दाखवण्याचे पैसे विणकराला सहलीच्या हिशेबातून, मालाच्या विक्रीशी न जोडता द्यावेत. मग पाहुण्याने काही घेतले नाही तरी विणकर रिकाम्या हाताने राहत नाही, आणि घेतले तर पूर्ण किंमत त्याची राहते.

पाहुण्याला पारख शिकवावी. हिमरूत सुती ताण्यावर रेशमाच्या जादा धाग्याने नक्षी उठवतात. कापड उलटून पाहावे, नक्षीचे मोकळे धागे मागे तरंगताना दिसतात. पण तेवढ्यावर हातमाग सिद्ध होत नाही, यंत्रावरही तसे धागे सुटतात. म्हणून कोणत्या मागावर आणि कोणी विणले ते विचारावे आणि बिलावर "हातमाग" असे लिहून घ्यावे. जो दुकानदार तसे लिहून देत नाही, त्याचे उत्तर मिळालेच. यंत्रमागाची शाल विकण्यात काहीच वावगे नाही. तीही कोणाची तरी रोजी आहे. तिला यंत्रमागाची म्हणूनच विकावे आणि त्या भावात विकावे, एवढेच.

आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याने तीन वर्षांपूर्वी कमिशन बंद केले. पहिले सहा महिने त्याने हाल काढले. बरोबरचे लोक हसत होते. आज त्याचे निम्म्याहून अधिक पाहुणे जुन्या पाहुण्यांनी पाठवलेले असतात. त्यांच्याकडून माणशी दर थोडा जास्त घेतला तरी कोणी घासाघीस करत नाही. "दुकानात नेणार नाही ना?" असे विचारणाऱ्याला तो नाही म्हणू शकतो, हेच त्याचे भांडवल झाले आहे.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

1. एकच मार्ग निवडावा आणि स्वतः दहा वेळा फिरून मिनिटे मोजावीत.

2. काय दाखवणार, किती वेळ देणार, पैशात काय येते आणि काय येत नाही, हे एका कागदावर मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत छापावे. तो कागद कागजीपुऱ्याच्या हातकागदाचा असेल तर आणखी चांगले. पाहुणा तो जपून नेतो.

3. दोन खणांची वही ठेवावी. नवी गोष्ट कळली की कोणत्या खणात जाते ते लिहावे. पाहुण्याने चूक दाखवली तर आभार मानून ती सुधारावी.

4. कारागिराशी आधी बोलून वेळ आणि मोबदला ठरवावा. अचानक सात माणसे त्याच्या दारात उभी करू नयेत.

5. प्रत्येक सहलीचा जमाखर्च त्याच दिवशी लिहावा.

हा धंदा फार मोठ्या भांडवलाचा नाही. आपल्याकडे गाड्या आहेत, दख्खनी आणि मराठी दोन्ही बोलणारी मुले आहेत, आणि हे किल्ले-दर्गे ज्यांच्या लहानपणापासून डोळ्यांसमोर आहेत अशी माणसे आहेत. कमी पडते ती शिस्त आणि खऱ्या शब्दाची सवय. देवगिरीच्या लोकांनी पोती उघडली नाहीत, म्हणून ऐन वेळी त्यांच्या हाती मीठ आले. आपल्या गाडीत बसणाऱ्या पाहुण्याने आपले पोते केव्हाही उघडून पाहावे आणि आत सांगितले तेच निघावे. ज्या वाचक बंधूंनी असा धंदा सुरू केला असेल त्यांनी आपला अनुभव आणि हिशेब आम्हाला जरूर कळवावा. पुढील लेखात तो इतरांच्या उपयोगी पडेल.